एक लाख पौंडांचा माग : टोयोडा–प्लॅट कराराचा प्रकरण अभ्यास

२१ डिसेंबर १९२९ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने जपानच्या टोयोडा कुटुंबाशी एक करार केला. टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे पेटंट हक्क प्लॅटने विकत घ्यावेत आणि त्यापोटी एक लाख पौंड द्यावेत, असे ठरले. जपान, चीन आणि अमेरिका एवढे देश वगळून बाकी साऱ्या जगात हा माग बनवण्याचा व विकण्याचा अधिकार प्लॅटकडे आला. त्या बाकीच्या जगात हिंदुस्थान होता आणि कापडाच्या धंद्यात त्या काळी हिंदुस्थानापेक्षा मोठी बाजारपेठ शोधूनही सापडली नसती.

व्यवस्थापनाच्या वर्गांत हे प्रकरण बहुधा दोन वाक्यांत उरकले जाते. सुताराच्या मुलाने लावलेला शोध यंत्रांच्या माहेरघरी विकला गेला आणि त्या पैशातून टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली, एवढेच सांगितले जाते. पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग आकड्यांशी ताडून पाहिला की डळमळतो, आणि तो डळमळला की या व्यवहारातून टोयोडांना नेमके काय मिळाले, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. प्रस्तुत अभ्यास त्या प्रश्नापुरता मर्यादित आहे. मुंबईच्या गिरण्यांचा उल्लेख त्यात वारंवार येईल, कारण ज्या बाजारपेठेच्या आशेवर हा करार झाला तिचे एक टोक परळ-लालबागमध्ये होते.

विकत घेणारा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लॅट ब्रदर्स ही वस्त्रोद्योगाची यंत्रे बनवणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी मानली जात असे. ओल्डहॅममधील तिच्या हार्टफर्ड कारखान्यात दहा हजारांहून अधिक माणसे राबत होती. मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्यांत ज्या चात्या फिरत होत्या त्यांतल्या पुष्कळ ओल्डहॅमहून जहाजाने आलेल्या होत्या. जपानची पहिली मोठी आधुनिक सूतगिरणी, म्हणजे शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने १८८२ साली स्थापन झालेली ओसाका स्पिनिंग कंपनी, १०,५०० चात्यांनिशी सुरू झाली आणि त्याही प्लॅटच्याच होत्या. यंत्र घेणाऱ्याला ते चालवायचे कसे हे शिकवणे हा त्या काळात यंत्रविक्रीचाच भाग होता, त्यामुळे जपानमधून शिकण्यासाठी लँकेशायरला, म्हणजे ओल्डहॅम ज्यात मोडे त्या परगण्यात, येणारी माणसे तेथे नवलाईची राहिली नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर हे वैभव ओसरू लागले. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड निर्यात केले होते आणि त्यातील ३०० कोटींहून अधिक एकट्या हिंदुस्थानात खपले होते. १९२९ पर्यंत निर्यात जवळजवळ निम्म्यावर आली. पुढच्या दोन वर्षांत तर ती सुमारे १७० कोटी यार्डांपर्यंत घसरली. ज्या गिरण्यांना प्लॅट यंत्रे विकत असे त्याच गिरण्या बँकांच्या कर्जात बुडालेल्या होत्या. करार झाला त्याच वर्षी बँक ऑफ इंग्लंडच्या पाठबळाने लँकेशायर कॉटन कॉर्पोरेशन स्थापन करून आजारी सूतगिरण्या एकत्र आणण्याचा प्रयत्न सुरू झाला होता. दोन वर्षांत प्लॅटलाही आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांबरोबर एका संयुक्त कंपनीत सामील व्हावे लागले.

विकणारा

टोयोडा साकिची यांचा जन्म १८६७ साली आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात सुताराच्या घरी झाला. १८९० साली तोक्योत भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात ते दिवसेंदिवस यंत्रांसमोर उभे राहत. पुढच्या वर्षी त्यांनी एका हाताने चालवता येणाऱ्या लाकडी हातमागाचे पेटंट मिळवले आणि १८९६ च्या सुमारास लाकूड व लोखंड यांचा यांत्रिक माग तयार केला. आयात केलेल्या मागांपेक्षा तो फार स्वस्त होता आणि त्यावरच्या कापडाचा एकसारखेपणा मित्सुई या मोठ्या व्यापारी घराण्याच्या नजरेत भरला.

मित्सुईशी झालेली ही गाठ पुढे साकिचींच्या आयुष्यातील मोठे सुख आणि मोठे दुःख ठरली. १९०७ मध्ये त्यांच्या नावाने मागांची कंपनी निघाली, पण भांडवल परक्यांचे असल्याने मंदी येताच शोधक नको झाला आणि १९१० साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. ते अमेरिका व युरोपच्या दौऱ्यावर निघून गेले. परतल्यावर त्यांनी नागोयात स्वतःची विणाईची गिरणी काढली. हेतू कापड विकण्याचा होताच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे नव्या मागाच्या प्रत्येक सुट्या भागाची परीक्षा घेण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसलेली जागा त्यांना हवी होती. यंत्र बनवणाऱ्याने ते वापरून पाहण्यासाठी स्वतःची गिरणी चालवावी, ही गोष्ट प्लॅटकडे नव्हती. माझ्या मते साऱ्या प्रकरणाची अर्धी किल्ली इथे आहे.

मुलगा किइचिरो याचा जन्म १८९४ चा. तोक्योच्या शाही विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो वडिलांच्या धंद्यात आला. १९२१-२२ मध्ये अमेरिका-युरोपच्या प्रवासात तो ओल्डहॅमला मुक्कामी राहिला आणि प्लॅटच्या कारखान्यात वावरून त्याने निरीक्षणे टिपली. पुढे सात-आठ वर्षांनी तो त्याच गावी पुन्हा गेला तो विक्रेता म्हणून.

माग

१९२४ साली पूर्ण झालेल्या या मागाला 'जी' प्रकारचा माग म्हणतात. त्याचे मोल कळण्यासाठी साध्या मागावर विणकराचे काम काय असे, ते जवळून पाहावे लागेल.

मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, रुळावरून उलगडत पुढे येतो आणि धोटा आडवा धावून त्यात बाणा भरतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि ती काही मिनिटांतच रिकामी होते. मग विणकर माग थांबवतो, धोटा काढतो, नवी कांडी बसवतो, धोट्याच्या डोळ्यातून सुताचे टोक बाहेर काढतो आणि माग पुन्हा चालू करतो. धोट्याचा डोळा बारीक असल्याने सूत ओढण्याची सर्वांत जलद रीत म्हणजे डोळ्याला ओठ लावून ते तोंडाने शोषून घेणे. लँकेशायरमध्ये याला धोट्याचे चुंबन म्हणत. त्या गोड नावामागे सुताची धूळ आणि एकाच धोट्याला लागणाऱ्या अनेकांच्या तोंडांचे रोग होते. दिवसभरात हे शेकडो वेळा करावे लागे. शिवाय ताण्याचा धागा तुटला आणि लक्षात आला नाही तर कापडात लांबच लांब दोष उतरे. म्हणून विणकराची नजर मागावरून हलत नसे आणि एका माणसाला सांभाळता येणाऱ्या मागांची संख्या आपोआप ठरून जाई. लँकेशायरमध्ये ती साधारण चार होती, मुंबईत दोन.

टोयोडांच्या मागात बाणा संपत आल्याचे चाचपून ओळखणारी योजना होती. ती इशारा देई तेव्हा धोटा पेटीत येण्याच्या नेमक्या क्षणी भरलेला नवा धोटा आत ढकलला जाई आणि रिकामा बाहेर पडे. फणीची ठोक एकदाही चुकत नसे, वेगही कमी होत नसे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पोलादाचे एक पातळ पाते टांगलेले असे, आणि धागा तुटला की ते खाली पडून माग जागीच थांबे. दोष कापडात शिरण्याआधी यंत्रच स्वतःला आवरते, म्हणून माणसाने त्याच्यावर पाळत ठेवण्याचे कारण उरत नाही. एक कामगार तीस ते पन्नास माग पाहू शकतो, असा कंपनीचा दावा होता. दावा विक्रेत्याचा आहे हे लक्षात घेऊनही, चार आणि तीस यांतील अंतर मोठे राहतेच.

हा जगातील पहिला स्वयंचलित माग मात्र नव्हता. यॉर्कशायरहून अमेरिकेत गेलेल्या जेम्स नॉर्थ्रॉप याने मॅसॅच्युसेट्समधील ड्रेपर कंपनीसाठी केलेला माग १८९० च्या दशकाच्या मध्यापासून विकला जात होता. त्यात धोटा तोच राही आणि आतली कांडी आपोआप बदले. अमेरिकेने तो भराभर स्वीकारला. लँकेशायरने तीस-पस्तीस वर्षे तो पाहिला, तपासला आणि फारसा घेतला नाही. प्लॅटच्या संचालकांसमोर हा इतिहास होता, तरीही त्यांनी एक लाख पौंडांचा शब्द दिला.

लँकेशायरने माग का घेतला नाही

या नकाराला बरेचदा इंग्रज कारखानदारांचा आळस म्हटले जाते. मला हे उत्तर फार सोपे वाटते, कारण लँकेशायरमध्ये विणाई करणाऱ्याच्या हिशोबात स्वयंचलित माग बसत नव्हता आणि त्याची कारणे एकमेकांत गुंतलेली होती. तेथे सूत कातणारी कंपनी वेगळी आणि विणणारी वेगळी असे. विणणारा बाजारातून सूत घेई आणि ते बहुधा म्यूल या जुन्या प्रकारच्या कताईयंत्रावर कातलेले असे. स्वयंचलित माग तेव्हाच परवडतो जेव्हा ताणा क्वचित तुटतो, म्हणजे सूत मजबूत व एकसारखे असते. अशा सुताची हमी दुसऱ्याच्या कातणकामावर अवलंबून असलेल्या माणसाला कोण देणार? जुन्या मागांची किंमत केव्हाच वसूल झालेली होती. कारखाना एकाच पाळीत चाले, त्यामुळे महाग यंत्रावरचे व्याज थोड्या तासांवर पडे. वर मजुरीचे दर १८९२ च्या सर्वमान्य दरपत्रकाने बांधलेले होते. माग वाढले तर मजुरी कशी मोजायची यावर कामगार संघटना आणि मालक यांचे जमत नव्हते. १९३१ च्या सुरुवातीला मालकांनी एका विणकराला जास्त माग देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बर्नलीपासून साऱ्या परगण्यात टाळेबंदी झाली आणि अखेर मालकांनाच माघार घ्यावी लागली. हा वाद साध्या मागांबद्दल होता. चारऐवजी आठ मागांचा प्रश्न जिथे सुटत नव्हता, तिथे तीसची गोष्ट काढणेही कठीण होते.

जपानमध्ये यातील प्रत्येक अट उलटी होती. मोठ्या कंपन्या सूत कातत आणि तेच विणत. १८९० च्या दशकातच त्यांनी म्यूल सोडून रिंग ही कताईची नवी पद्धत घेतली होती. वऱ्हाड-खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस आणि अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस यांचे मिश्रण करून हवे तसे सूत काढण्यात त्यांनी प्रावीण्य मिळवले होते. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने मुंबई-जपान जहाजवाहतूक सुरू केली, तेव्हापासून आपला कापूस ओसाकाकडे स्वस्तात जाऊ लागला होता. गिरण्या दोन पाळ्यांत चालत, म्हणून यंत्राची किंमत लवकर सुटे. १ जुलै १९२९ पासून जपानमध्ये स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी आली आणि कमी तासांत तेवढेच कापड काढण्यासाठी नव्या यंत्रांची मागणी एकदम वाढली. करार होण्याआधी सहाच महिने ही घटना घडली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या कार्यक्षमतेचा पाया शेतकरी कुटुंबांतील तरुण मुलींवर उभा होता. घरी आगाऊ रक्कम देऊन त्यांना गिरणीत आणत आणि आवाराच्या भिंतींमागच्या वसतिगृहांत ठेवत. मागांची संख्या वाढवण्याला विरोध करील अशी बळकट संघटना त्यांच्याकडे नव्हती. टोयोडांच्या यंत्राचे यश मोजताना ही बाजू वगळली तर हिशोब अपुरा राहतो.

मुंबईतील दोन साचे

प्लॅटने विकत घेतलेल्या हक्कांत हिंदुस्थान येत असल्याने मुंबईत स्वयंचलित मागाला जागा होती का, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. योगायोग असा की करार होण्याआधीच्या वर्षी मुंबईच्या गिरणगावात नेमका हाच प्रश्न पेटला होता. काही गिरण्यांनी विणकराला दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, देण्याची पद्धत आणली. २६ एप्रिल १९२८ ला सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन या संपातच जन्माला आली. कामगारांचे म्हणणे समजायला अवघड नव्हते. मुंबईच्या गिरणीत हलक्या कापसाचे सूत वापरत आणि ते वारंवार तुटे. ते सांधण्यासाठी पळापळ विणकराची होई आणि तिसऱ्या साच्यामुळे घरी बसणारा भाऊबंद बहुधा त्याच्याच गावचा, त्याच खोलीत राहणारा असे.

धोट्याच्या डोळ्याचा मुंबईतला अर्थ तर लँकेशायरहून फार वेगळा होता. सूत तोंडाने ओढावे लागते या सबबीवर साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. एकाच्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागेल, ही सवर्ण विणकरांची हरकत होती. साळखात्यातील मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली असल्याने हा केवळ विटाळाचा नव्हे तर पगाराचाही प्रश्न होता. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो उघडपणे मांडला आणि ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. यंत्राचा एवढासा भाग, पण ओल्डहॅममध्ये तो आरोग्याचा विषय होता, टोयोडांचा माग जिथे बनत असे त्या जपानमधील करियामध्ये अभियंत्याच्या आराखड्याचा आणि परळमध्ये जातीचा.

मजुरी स्वस्त, व्याज महाग, सूत कच्चे आणि कामगार सावध, अशा ठिकाणी कामगार वाचवणारे महाग यंत्र घेण्याची घाई कोणताही मालक करणार नव्हता. प्लॅटचा अंदाज इथे चुकला असे म्हणता येईल. किंवा असेही म्हणता येईल की त्यांना हिंदुस्थानात माग विकण्यापेक्षा टोयोडांना तेथे विकू न देण्यात अधिक रस होता. आपल्या सर्वांत मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाच्या दारात जपानी यंत्रविक्रेता उभा राहू नये, यासाठी एक लाख पौंड मोजणे हा मंदीतल्या कंपनीलाही वेडेपणा वाटला नसेल. प्लॅटने हा माग बनवला खरा, पण त्याचा खप किरकोळच राहिला. यावरून दुसरा अर्थ मला अधिक पटतो.

तसे असेल तर कराराने अडवले ते यंत्र, कापड नव्हे. करियाचा माग मुंबईला येऊ शकत नव्हता, पण त्या मागावर ओसाकात विणलेले कापड मुळजी जेठा मार्केटात यायला पेटंटाची आडकाठी नव्हती. जपानचे सगळे कापड टोयोडांच्या मागावरचे नव्हते, साधे मागही तेथे लाखोंनी होते. तरी मोठ्या गिरण्यांचा खर्च कमी होण्यात या मागांचा वाटा होता आणि डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णपरिमाण सोडल्यावर येन घसरून ते कापड आणखी स्वस्त झाले. १९३३ साली सुती कापडाच्या निर्यातीत जपानने ब्रिटनला मागे टाकले. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत नेली आणि प्रत्युत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला. गिरणीमालकांना दिलासा मिळाला, पण अकोला-अमरावतीच्या कापूसवाल्याच्या पोटात गोळा आला. अखेर १९३४ च्या जानेवारीत समझोता झाला. जपानने हिंदुस्थानी कापसाच्या दहा लाख गाठी घेतल्या तर त्याला साडेबत्तीस कोटी यार्ड कापड पाठवता येईल, पंधरा लाख गाठी घेतल्यास चाळीस कोटी यार्ड, असे प्रमाण ठरले आणि जकात ५० टक्क्यांवर आली.

पैशाचा हिशोब

आता एक लाख पौंडांकडे वळू. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे दहा लाख येन होते. १९२६ साली करिया येथे टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स स्थापन झाली, तेव्हा तिचे भांडवलही दहा लाख येनच होते. एका पेटंटाने कंपनीच्या भांडवलाएवढी किंमत आणावी, ही बाब त्या काळच्या जपानमध्ये खळबळजनक होती आणि दंतकथेचा उगम बहुधा याच आकड्यात आहे. पण रक्कम एकहाती मिळणार नव्हती, हप्त्यांनी मिळणार होती. मंदी गडद होत गेली तशी प्लॅटने रक्कम कमी करण्याची मागणी केली, बोलणी लांबली आणि ठरलेले पूर्ण एक लाख टोयोडांच्या हाती कधी आलेच नाहीत. साकिची ३० ऑक्टोबर १९३० ला वारले, म्हणजे या पैशाचा विनियोग पाहायला ते फार काळ नव्हते. मरण्यापूर्वी त्यांनी मुलाला हा पैसा मोटारीच्या संशोधनाला लावण्यास सांगितले, अशी कथा आहे.

मोटारीचा खर्च याच्या कैक पट होता. सप्टेंबर १९३३ मध्ये लूम वर्क्सने मोटार विभाग काढला आणि जानेवारी १९३४ मध्ये भागधारकांच्या सभेने कंपनीचे भांडवल दहा लाखांवरून तीस लाख येन केले. ऑगस्ट १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी वेगळी झाली ती एक कोटी वीस लाख येनच्या भांडवलावर. पेटंटाचे दहा लाख, तेही पूर्ण न आलेले, या आकड्यांशेजारी ठेवले की दंतकथेचा पाया किती अरुंद आहे हे दिसते. मोटारीला खरा पैसा पुरवला तो जपानमधील गिरण्यांना विकल्या जाणाऱ्या मागांनी आणि सूतकताईच्या यंत्रांनी, कारण १९३० च्या दशकात तेथील कापडधंदा जोरात होता. कंपनीचे अध्यक्ष आणि किइचिरोचे मेहुणे टोयोडा रिसाबुरो मोटारीच्या कल्पनेबद्दल बराच काळ साशंक होते. चालता धंदा सांभाळणाऱ्या माणसाने असे असणे यात नवल नाही.

मग करारातून मिळाले काय? माझे उत्तर किइचिरोच्या दोन प्रवासांत आहे. पहिल्या खेपेस तो शिकाऊ म्हणून गेला, तेव्हा ओल्डहॅम ही यंत्रविद्येची राजधानी होती. दुसऱ्या खेपेस विक्रेता म्हणून गेला, तेव्हा त्याच राजधानीत बंद गिरण्या आणि बेकार माणसे होती, आणि ज्या कंपनीकडून शिकायचे ती त्याच्याकडून माग घेत होती. मागाच्या धंद्यात शिखर गाठलेल्याची अवस्था पुढे काय होऊ शकते, हे त्याला आपल्याच गिऱ्हाइकाच्या घरी पाहायला मिळाले. त्याच दौऱ्यात त्याने अमेरिकाही पाहिली, जिथे मोटार ही सामान्य माणसाची वस्तू झाली होती. जपानमध्ये १९२३ च्या कांतो भूकंपानंतर तोक्योने फोर्डच्या चाकांवर बसगाड्या उभ्या केल्या होत्या आणि १९२५ पासून फोर्ड, १९२७ पासून जनरल मोटर्स तेथे सुटे भाग जोडून गाड्या विकत होत्या. बाजार होता, पण देशी कारखानदार म्हणावा असा कोणी नव्हता.

दुसरी मिळकत करियाच्या कारखान्यात होती. 'जी' मागाचे शेकडो भाग असे बनवावे लागत की कोणत्याही मागाचा भाग कोणत्याही मागाला बसावा. त्यासाठी ओतकामाची आणि छिलाईची जी शिस्त लागली ती मोटारीला कामी येणार होती. पूर्ण मात्र पुरली नाही. मागाची चौकट ओतणे आणि आत पाण्याच्या वाटा असलेला इंजिनाचा ठोकळा ओतणे यांत फार फरक आहे, आणि करियाच्या ओतशाळेत सुरुवातीचे ठोकळे एकामागून एक भंगारात गेले. आराखड्यासाठी शेव्हरोलेचे इंजिन समोर ठेवले होते. आणलेले यंत्र उकलून समजून घ्यायचे आणि मग आपल्या ओतशाळेला झेपेल असे बनवायचे, ही रीत घराला नवी नव्हती. मे १९३५ मध्ये पहिली ए-वन मोटार तयार झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जी-वन मालमोटार बाजारात आली. ती वाटेत वारंवार बंद पडे आणि कंपनीची माणसे दुरुस्तीसाठी धावत.

१९३६ साली जपान सरकारने मोटारनिर्मितीसाठी परवान्याचा कायदा केला. परवाना मुख्यतः जपानी भांडवलाच्या कंपन्यांनाच मिळणार होता, त्यामुळे फोर्ड आणि जनरल मोटर्स यांना हळूहळू बाजारातून निघावे लागले. टोयोडा हे पहिल्या परवानाधारकांपैकी एक होते. सात वर्षांपूर्वी जपान, चीन आणि अमेरिका वगळण्याची अट लिहिणाऱ्या घराला राखीव बाजारपेठेचे मोल कोणी समजावून सांगावे लागले नसेल. साकिचींनी १९११ साली नागोयात जिथे आपली गिरणी काढली, तिथल्या जुन्या विटांच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. पाहुण्यांसमोर तेथे 'जी' माग चालवून दाखवतात आणि मुद्दाम ताण्याचा एक धागा तोडतात. पाते पडते आणि माग थांबतो.